अरुंद जिन्यासाठी स्टेअरलिफ्ट निवडताना: टेप हाती घेण्यापासून वीज बंद करून पाहण्यापर्यंत

पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या वाढत्या कडेला १९८० आणि १९९० च्या दशकांत जी रो-हाउसेस उभी राहिली, त्यांतील पुष्कळशा घरांची मांडणी एकसारखी आहे: खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर झोपण्याच्या खोल्या, आणि या दोहोंची सोय लावून झाल्यावर उरलेल्या जागेत कोंबलेला जिना. घर घेताना चाळिशीत असलेले मालक आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे बोलू लागले आहेत, आणि दिवसातून सहा वेळा सहज चढला जाणारा तोच जिना आता दिवसातून एकदा, कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढला जातो. २०१६ च्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घरांच्या जिन्यासाठी किमान एक मीटर रुंदी सांगितली असली, तरी दोन मजली रो-हाउसला ७५ सेंटिमीटरची सवलत आहे. आपल्याकडचे कित्येक जिने या सवलतीच्या आधारानेच उभे आहेत, आणि वाड्यातले किंवा कोकणातल्या जुन्या घरातले लाकडी जिने तर कोणत्याही संहितेच्या आधीचे आहेत. अशा जिन्यावर स्टेअरलिफ्ट बसते का, बसली तर कोणती बसते, आणि पैसे देण्यापूर्वी काय तपासायचे, एवढ्याच प्रश्नांसाठी हा लेख आहे.

यंत्र नेमके कसे चालते

स्टेअरलिफ्ट म्हणजे जिन्याच्या एका कडेने बसवलेला रूळ आणि त्यावरून वरखाली जाणारी खुर्ची. बहुतेक यंत्रांत रुळाला दातेरी पट्टी असते आणि खुर्चीखालच्या गाड्यातील दातेरी चाक त्या पट्टीवर चढते, त्यामुळे खुर्ची घसरण्याचा प्रश्न येत नाही. येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे: रूळ भिंतीला ठोकलेला नसतो, तो पायऱ्यांवर बसवलेल्या लोखंडी पायांवर उभा असतो. त्यामुळे बाजूची भिंत अर्ध्या विटेची आहे की मातीची आहे याने फारसा फरक पडत नाही, फरक पडतो तो पायऱ्यांच्या मजबुतीने. मोटार खुर्चीखालच्या गाड्यातच असते आणि ती सामान्यतः २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. घरातील वीज फक्त बॅटरी भरण्याचे काम करते.

वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. युरोपातील ईएन ८१-४० या मानकाने तो सेकंदाला ०.१५ मीटरपर्यंत मर्यादित केला आहे. दहा फूट उंचीच्या मजल्याचा सरळ रूळ साधारण पाच मीटर लांब होतो, म्हणजे एका फेरीला अर्धे ते पाऊण मिनिट लागते. तरुण मंडळींना हा वेग हास्यास्पद वाटतो. खुर्चीत बसलेल्याला मात्र पहिल्या दिवशी तो पुरेसा वाटतो, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

पहिली पायरी: खरोखर हवी आहे का

यंत्र विकणारा माणूस हा प्रश्न विचारणार नाही, म्हणून तो घरच्यांनी विचारावा. तळमजल्यावर झोपायला एक खोली निघत असेल आणि तेथे पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय व न्हाणी करता येत असेल, तर तो पर्याय बहुधा स्वस्त पडतो, त्याला देखभाल लागत नाही आणि पुढे चाकाची खुर्ची लागली तरी तो निरुपयोगी होत नाही. याउलट खाली अशी जागाच नसेल, किंवा वरची खोली, वरचे देवघर आणि वरची गच्ची हेच त्या व्यक्तीचे जग असेल, तर तिला खाली हलवणे म्हणजे घरातल्या घरात विस्थापन आहे, आणि तेथे स्टेअरलिफ्टचा विचार योग्य ठरतो.

दुसरा भाग प्रकृतीचा. स्टेअरलिफ्ट वापरणाऱ्याला आधाराने का होईना पण खुर्चीत बसता आणि खुर्चीतून उठता आले पाहिजे, फेरीभर ताठ बसता आले पाहिजे, आणि बटण दाबून धरायचे असते हे लक्षात राहिले पाहिजे. या यंत्रांत बटण किंवा कळ दाबून धरली तरच खुर्ची चालते, सोडली की थांबते. अर्धांगाच्या झटक्यानंतर एक हात कमजोर असेल तर कळ दुसऱ्या बाजूला हवी, हे मागणी नोंदवतानाच सांगावे लागते. खुब्याचा सांधा बदललेल्या व्यक्तीला फार खोल आसन चालत नाही. पार्किन्सन्ससारखा वाढत जाणारा आजार असेल, तर आजची नव्हे, तीन वर्षांनंतरची स्थिती डोळ्यांसमोर ठेवावी. या सगळ्यावर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना एकदा घरी बोलावून त्यांच्यासमोर त्या व्यक्तीला बसवून-उठवून पाहणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. दवाखान्याच्या टेबलापलीकडून दिलेल्या सल्ल्याने जिना पाहिलेला नसतो.

सामायिक जिन्याचा विषय येथेच संपवतो. सोसायटीच्या इमारतीतील जिना सर्वांचा असतो आणि बहुधा आगीच्या वेळी बाहेर पडण्याची तीच एक वाट असते. तो अरुंद असेल तर तेथे रूळ बसवण्याचा हट्ट धरू नये. पुढील सर्व विवेचन घराच्या आतील, स्वतःच्या जिन्याविषयी आहे.

दुसरी पायरी: आधी माणूस मोजावा, मग जिना

माहितीपत्रकात ‘किमान रुंदी ७० सेंटिमीटर’ असा आकडा असतो आणि घरोघरी लोक तो आकडा घेऊन जिना मोजायला लागतात. अरुंद जिन्याच्या बाबतीत ही सुरुवातच उलटी आहे. खुर्चीत बसणारी व्यक्ती भिंतीकडे पाठ करून आडवी बसते, म्हणजे तिचे गुडघे समोरच्या भिंतीकडे किंवा कठड्याकडे येतात. जिन्याची रुंदी कोण खाते, तर खुर्चीपेक्षा मांडीची लांबी. उंच, सडपातळ आजोबांना जो जिना पुरत नाही, तोच ठेंगण्या पण जाड आजींना पुरू शकतो.

माप असे घ्यावे. पाठ सरळ असलेली लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, त्या व्यक्तीला पाठ पूर्ण टेकवून बसवावे, आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत व भिंतीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी दोन मापे घ्यावीत. त्यांपैकी मोठे माप आपल्या कामाचे. पाय किंचित मागे घेऊन बसता येत असेल तर अंगठा गुडघ्याच्या रेषेत येतो, पण गुडघा नीट वाकत नसेल तर पाऊल पुढे येते, आणि तेच पाऊल कठड्याच्या गजांत अडकण्याचा धोका असतो. एक गुडघा पूर्णपणे न वाकणाऱ्या व्यक्तीसाठी ७५ सेंटिमीटरचा जिना जवळजवळ नेहमीच अपुरा पडतो.

हिशेब साधा आहे. मध्यम बांध्याच्या प्रौढ व्यक्तीचे पाठीपासून गुडघ्यापर्यंतचे अंतर ५५ ते ६० सेंटिमीटरच्या आसपास येते. स्टेअरलिफ्टच्या खुर्चीची पाठ आणि तिचा भिंतीपासूनचा दुरावा मिळून साधारण १० सेंटिमीटर धरावे. बेरीज ६५ ते ७० होते. आता ७५ सेंटिमीटरच्या जिन्यात पाच ते दहा सेंटिमीटर मोकळीक उरते, आणि गुडघ्यापुढे निदान पाच सेंटिमीटर मोकळे राहिले नाहीत तर बसणारा माणूस फेरीभर अंग चोरून बसतो. अंग चोरून बसणारा माणूस आठवड्याभरात यंत्र वापरायचे सोडतो. वजनही लिहून ठेवावे: घरगुती यंत्रांची क्षमता सर्वसाधारणपणे १२० ते १४० किलो असते, आणि त्याहून अधिक क्षमतेच्या खुर्च्या रुंद असल्याने अरुंद जिन्यात त्यांचा प्रश्न वेगळा होतो.

तिसरी पायरी: जिन्याची मापे

जिन्याची रुंदी एका जागी मोजून भागत नाही, कारण आपल्याकडे गिलावा सरळ असतो हे गृहीत धरता येत नाही. खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी पायरीलगत, गुडघ्याच्या उंचीवर आणि खांद्याच्या उंचीवर मोजावे. सर्वांत लहान आकडा तोच खरा आकडा. भिंतीवरचा कठडा आत किती येतो, स्कर्टिंगची फरशी किती बाहेर आहे, स्विचबोर्ड कोठे आहे, खिडकीचे ग्रिल आतल्या बाजूला आहे का, हे सगळे टिपून ठेवावे. माझ्या आईच्या घरी पाहणीला आलेल्या माणसाने भिंतीपासून भिंतीपर्यंत ८० सेंटिमीटर मोजले आणि तो समाधानाने परत गेला. लाकडी कठडा सात सेंटिमीटर आत होता, हे त्याच्या वहीत कोठेच नव्हते. पुढे सांगणार आहे त्या पुठ्ठ्याच्या चाचणीत ते उघडे पडले, आणि मागणी नोंदवण्याआधी पडले म्हणून निभावले.

चढही मोजावा. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे घरगुती जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच आणि किमान २५ सेंटिमीटर खोल असावी, म्हणजे चढ सुमारे ३७ अंश होतो. तेवढा चढ कोणत्याही सरळ यंत्राला चालतो. जुन्या घरांत पायरी आठ-नऊ इंच उंच आणि नऊ इंच खोल असते, तेथे चढ ४५ अंशांपर्यंत जातो, आणि वाड्यातील सागवानी जिने तर शिडीला लाजवतील असे असतात. ४५ अंशांच्या पुढचा चढ असेल तर विक्रेत्याकडून त्या विशिष्ट यंत्राची चढाची मर्यादा लेखी मागावी, ‘होऊन जाईल’ या उत्तरावर थांबू नये.

डोक्यावरची उंची हा विसरला जाणारा तिसरा मुद्दा आहे. बसलेल्या माणसाचे डोके फूटरेस्टपासून साधारण १३० ते १४० सेंटिमीटर उंच असते, तेव्हा बसण्याच्या खुर्चीला जिन्यावरची तुळई सहसा आड येत नाही. पण ते डोके जिन्याच्या मध्यावर नसून भिंतीलगत असते, आणि भिंतीलगतच तिरका स्लॅब, माळ्याची फळी किंवा मीटरची पेटी असते. त्यामुळे उंची भिंतीलगतच मोजावी.

आता पुठ्ठ्याची चाचणी. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आपल्या बेरजेएवढ्या लांबीचा, म्हणजे समजा ७० सेंटिमीटरचा, आणि खांद्याएवढ्या रुंदीचा आयत कापावा. तो गुडघ्याच्या उंचीवर आडवा धरून, एक कड सतत भिंतीला लावून, तळापासून वरपर्यंत न्यावा. जेथे पुठ्ठा वाकतो तेथे खडूने खूण करावी. खूण एकही नाही, तर पुढे जावे. मध्ये एकच खूण आहे आणि ती कठड्याची आहे, तर कठडा बदलता येतो. खुणा वळणावर आहेत, तर पुढचा भाग नीट वाचावा.

चौथी पायरी: सरळ रूळ, वळणाचा रूळ आणि कोणती बाजू

सरळ जिन्याचा रूळ तयार लांबीतून कापून बसवतात. काम अर्ध्या ते एका दिवसात होते, आणि गरज संपल्यावर तो काढून दुसरीकडे बसवता येण्याची शक्यता असते. वळणाचा रूळ त्या एकाच जिन्यासाठी घडवावा लागतो. त्याची मापे छायाचित्रांवरून किंवा लेझरने घेतात, कारखान्यात तो वाकवतात, आणि तो येईपर्यंत काही आठवडे जातात. किमतीत दुपटीहून अधिक फरक सहज पडतो, आणि तो रूळ दुसऱ्या कोणाच्याही जिन्यावर बसत नसल्यामुळे परत विकताना त्याला मोल राहत नाही. हा खर्च करण्यापूर्वी पहिल्या पायरीतील प्रश्न पुन्हा एकदा विचारावा.

रो-हाउसमध्ये सर्वांत अधिक आढळतो तो मध्ये लँडिंग घेऊन उलट फिरणारा जिना. त्यावर एक सुचवलेली तोड अशी असते की वळणाचा रूळ न घेता दोन सरळ यंत्रे बसवावीत आणि लँडिंगवर एका खुर्चीतून उठून दुसऱ्या खुर्चीत बसावे. कागदावर हे स्वस्त दिसते. अरुंद जिन्यात मात्र लँडिंगही तेवढेच अरुंद असते, तेथे दोन खुर्च्या समोरासमोर येतात, आणि ज्या व्यक्तीला उठबस कठीण आहे म्हणून यंत्र घेतले तिला प्रत्येक फेरीत दुप्पट उठबस करावी लागते, तीही जिन्याच्या कडेवर. लँडिंग किमान एक मीटर खोल नसेल तर या तोडीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वळणावर लँडिंगऐवजी त्रिकोणी, तिरक्या पायऱ्या असतील तर बाजूचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा ठरतो. रूळ बाहेरच्या भिंतीने नेला तर वळण ऐसपैस मिळते, खुर्ची सुखाने फिरते, पण त्रिकोणी पायऱ्यांचा रुंद भाग रुळाखाली जातो आणि पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला निमुळते टोक येते, जेथे पाऊल मावत नाही. रूळ आतल्या बाजूने, कठड्यालगत नेला तर चालणाऱ्यांना रुंद भाग मिळतो, रूळही आखूड होतो, पण वळण घट्ट होते आणि फिरताना बसलेल्याचे गुडघे बाहेरच्या भिंतीवर घासण्याची शक्यता वाढते. घरात दुसरी वृद्ध व्यक्ती असेल आणि ती अजून पायी चढत असेल, तर तिची बाजू आधी पाहावी. एकाची सोय करताना दुसऱ्याला पाडणे हा या यंत्राचा सर्वांत अनपेक्षित अपघात आहे. सुदैवाने, वळणावर खुर्ची थोडी तिरकी करून गुडघे उताराच्या किंवा चढाच्या दिशेने नेणारी यंत्रे आता मिळतात. ७० सेंटिमीटरच्या आतील वळणाच्या जिन्यासाठी प्रत्यक्षात तीच उरतात आणि ती अर्थातच महाग असतात.

फार अरुंद सरळ जिन्यासाठी आणखी एक प्रकार आहे: अर्धवट उभ्याने, उंच लहान आसनावर टेकून जाण्याचा. त्यात गुडघे पुढे येत नाहीत, त्यामुळे बरीच जागा वाचते, आणि गुडघा न वाकणाऱ्यांनाही तो सोयीचा पडतो. परंतु त्यासाठी पायांत उभे राहण्याची ताकद आणि डोक्यात स्थिरता लागते. चक्कर येणाऱ्या, रक्तदाब अचानक उतरणाऱ्या किंवा तोल जाणाऱ्या व्यक्तीला त्यावर उभे करू नये. डोक्यावर उंचीही पूर्ण माणसाएवढी लागते. चाकाच्या खुर्चीसकट वर नेणाऱ्या फळीच्या यंत्राविषयी कोणी सांगितले तर तो मार्ग रुंद जिन्याचा आहे, येथे त्याचा उपयोग नाही.

पाचवी पायरी: दोन टोके

जिन्याच्या मध्यावर कोणी पडत नाही, कारण तेथे माणूस पट्टा लावून बसलेला असतो. पडतो तो वरच्या टोकाला उतरताना. म्हणून खुर्ची वरच्या पायरीशी थांबून चालत नाही. ती मजल्याच्या पातळीपर्यंत जावी, आसन फिरून जिन्याकडे पाठ व्हावी आणि पाऊल थेट वरच्या फरशीवर पडावे. फिरवलेल्या स्थितीत आसन जागेवर पक्के अडकले पाहिजे, आणि ते सरळ केल्याशिवाय खुर्ची चालू होता कामा नये. हात कमजोर असतील तर विजेने फिरणारे आसन घ्यावे, येथे पैसे वाचवू नयेत. वर जिना संपतो तेथेच झोपण्याच्या खोलीचे दार असेल, तर दार बाहेरच्या बाजूला उघडते की आतल्या, हेही तपासावे.

खालच्या टोकाचा प्रश्न वेगळा असतो. रूळ पहिल्या पायरीच्या पुढे जमिनीवर थोडा येतोच, आणि अरुंद घरात तेथे नेमके मुख्य दार, शौचालयाचे दार किंवा स्वयंपाकघराची वाट असते. यासाठी रुळाचे खालचे टोक बिजागरीवर वर दुमडणारे किंवा संपूर्ण रूळच वर सरकणारे प्रकार मिळतात. हाताने दुमडायची बिजागरी स्वस्त असते, पण ती दुमडायला वाकावे लागते. जी व्यक्ती एकटी राहते तिच्यासाठी ती निरुपयोगी आहे.

खुर्ची दिवसभर कोठे उभी राहणार हेही आताच ठरवावे. घडी केलेली खुर्ची भिंतीपासून साधारण ३० ते ४० सेंटिमीटर जागा घेते. ७५ सेंटिमीटरच्या जिन्यात उरलेल्या वाटेने माणूस तिरका होऊन जातो, पण गॅसची टाकी, गणपतीचा पाट, गच्चीवरच्या टाकीसाठी नेलेला पाइप आणि वेळ आली तर रुग्णवाहिकेचे स्ट्रेचर तेथून कसे जाईल, याचा विचार घरातल्या सर्वांनी मिळून करावा. खुर्ची वरच्या टोकाला, जिन्याबाहेर उभी राहत असेल तर ही अडचण पुष्कळ कमी होते, आणि ती खाली बोलावण्यासाठी रिमोट असतोच.

पायऱ्या आणि वीज

आरसीसी जिन्यावर कोटा, कडप्पा किंवा ग्रॅनाइटची फरशी असेल तर प्रत्येक पायरीवर नाण्याने टकटक करून पाहावे. पोकळ आवाज आला तर फरशीखाली माल नीट भरलेला नाही, आणि तेथे भोक पाडताच ती तडकेल. अशी फरशी आधी बसवून घ्यावी. बोल्ट फरशीतून खालच्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे, केवळ फरशीत अडकलेला बोल्ट काही महिन्यांत हलू लागतो. पायऱ्यांच्या स्लॅबमधून विजेची नळी गेलेली आहे का, हे घर बांधतानाचा आराखडा किंवा जुना वायरमन सांगू शकेल. लाकडी जिन्यात वाळवी हा पहिला प्रश्न आणि खालच्या आधाराच्या तुळया हा दुसरा. पायरीची फळी चांगली दिसली तरी खालून टोचा मारून पाहिल्याशिवाय सुताराने होकार देऊ नये. भिंतीतून एकेकटी बाहेर आलेली, खालून मोकळी पायरी असेल, किंवा लोखंडी गोल जिना असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत आधी आणि विक्रेत्याचे नंतर.

विजेसाठी वरच्या किंवा खालच्या टोकाजवळ अर्थिंग असलेला एक साधा प्लग पॉइंट लागतो. तो जुना असेल तर अर्थिंग खरोखर आहे का हे तपासून घ्यावे. वीज गेली तरी भरलेल्या बॅटरीवर काही फेऱ्या होतात, त्यामुळे महावितरणची वीज तासभर गेल्याने कोणी अधांतरी अडकत नाही. मात्र खुर्ची चार्जिंगच्या जागेवर उभी नसेल तर बॅटरी हळूहळू उतरते, आणि झाडू मारण्यासाठी कोणी ती मध्यावर सरकवून ठेवली तर यंत्र बीप वाजवत बसते. त्या आवाजाचा अर्थ घरकाम करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य कमी होते. तिचा बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी विचारावा.

विक्रेत्याशी बोलताना

पाहणीला आलेल्या व्यक्तीसमोर आपली मापे ठेवावीत आणि त्यांची मापे आपल्या मापांशी जुळतात का पाहावे. त्यानंतर एक आराखडा मागावा, ज्यात खाली, सर्वांत अरुंद जागी, वळणावर आणि वर अशा चार ठिकाणी खुर्चीत बसलेल्या माणसाचे गुडघे आणि समोरची भिंत यांतील अंतर आकड्यांत लिहिलेले असेल. हा आराखडा मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. यंत्र कोणत्या मानकानुसार बनले आहे हेही विचारावे. ईएन ८१-४० किंवा आयएसओ ९३८६ च्या दुसऱ्या भागाचा उल्लेख असेल तर प्रमाणपत्राची प्रत घ्यावी.

सुरक्षेच्या बाबतीत पुढील गोष्टी नसतील तर यंत्र कितीही स्वस्त असले तरी नको म्हणावे: बसणाऱ्यासाठी पट्टा; फूटरेस्ट आणि गाडा यांच्या कडांना अडथळा लागताच थांबवणारे सेन्सर; दोन्ही टोकांना आपोआप थांबण्याची व्यवस्था, वेग वाढल्यास पकडणारा ब्रेक, आणि लहान मुलांनी खेळू नये म्हणून किल्ली. वाकता न येणाऱ्यांसाठी फूटरेस्ट आसनाबरोबर आपोआप दुमडणारी असावी.

यंत्राहून अधिक चौकशी दुरुस्तीची करावी. बहुतेक यंत्रे किंवा त्यांचे मुख्य भाग आयात केलेले असतात. सर्किट बोर्ड बिघडला तर तो पुण्या-मुंबईत साठ्यात आहे की परदेशातून येणार, तंत्रज्ञ कोणत्या शहरातून येतो, वार्षिक देखभाल करारात बॅटरी धरली आहे का, हे प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कोटेशनवरच लिहून घ्यावीत. रत्नागिरीत राहणाऱ्याने मुंबईतला तंत्रज्ञ ‘उद्या’ येतो यावर विसंबू नये. खाऱ्या हवेत रूळ आणि बोल्ट गंजतात, म्हणून किनारपट्टीवरच्या घरासाठी देखभालीच्या फेऱ्या जास्त ठरवाव्यात. शक्य असेल तर त्यांनी अरुंद जिन्यावर बसवलेले एखादे यंत्र त्या कुटुंबाच्या परवानगीने पाहावे, आणि ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांना सोबत न्यावे. मुलांनी बसून ‘छान आहे’ म्हटल्याला काही अर्थ नसतो.

ताबा घेण्याच्या दिवशी

बसवून झाल्यावर लगेच सही करू नये. वापरणाऱ्या व्यक्तीने स्वतः पट्टा लावून निदान पाच वेळा वरखाली जावे, दोन्ही टोकांना स्वतः आसन फिरवून उतरावे. मग मेन स्विच बंद करून पुन्हा फेऱ्या कराव्यात. रिकाम्या खुर्चीच्या वाटेत पायरीवर गुंडाळलेली सतरंजी ठेवून ती थांबते का पाहावे. बॅटरीही संपली तर हाताने फिरवून खुर्ची खाली आणण्याचे चाक कोठे आहे, हे तंत्रज्ञाकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. ते यंत्रात नसेल तर अशा वेळी काय करायचे हे लिहून मागावे.

नऊवारी असो वा पाचवारी, पदर आणि धोतराचा सोगा हे रुळाच्या दातेरी पट्टीचे नैसर्गिक शत्रू आहेत. बसल्यावर पदर मांडीवर घेऊन पट्ट्याखाली दाबायची सवय पहिल्या आठवड्यातच लावावी, ओढणीचेही तसेच. हातात चहाचा कप घेऊन बसू नये, काठीसाठी आसनाच्या बाजूला अडकवणी बसवून घ्यावी. जिना पुसताना रुळाखाली बादलीभर पाणी ओतण्याऐवजी पिळलेले फडके फिरवावे, आणि दातेरी पट्टीवर घरातले तेल घालू नये. त्यावर धूळ बसून चिकट लेप होतो आणि चाक घासते.

शेवटची एक बारीक गोष्ट रूळ बसवणाऱ्या दिवशीच करून ठेवावी. पायऱ्यांच्या फरशीचे चार-पाच जादा तुकडे मिळत असतील तर ते आणून माळ्यावर ठेवावेत, कारण पुढे कधी रूळ काढला की प्रत्येक लोखंडी पायाखालची भोके उघडी पडतात, आणि तोवर त्या रंगाचा कोटा बाजारात मिळत नाही.